लिहायला सामान कुठून आणायचं आणि कोकणातल्या पावसात ते टिकवायचं कसं

पाच-सहा वर्षांपूर्वी मी एक कथा लिहिली होती. त्यात कोजागिरीच्या संध्याकाळी नायिका किनाऱ्यावर येते, समोर समुद्रातून चंद्र वर येतोय, भरतीच्या लाटा पायाला लागतायत, वगैरे वगैरे. छापून आल्यावर मी दोन दिवस हवेत होते. मग आमच्याकडे मासे घेऊन येणारी मावशी दारात टोपली उतरवून म्हणाली, नातीने वाचून दाखवली तुझी गोष्ट, बाय, पण चंद्र दर्यातून कधीपासून उगवायला लागला? आणि पुनवेच्या तिन्हीसांजेला सुकती असते, तुझ्या बाईच्या पायाला पाणी लागलं कुठून?

सुकती म्हणजे ओहोटी. आपला समुद्र पश्चिमेला, पुनवेचा चंद्र उगवतो डोंगराकडून, आपल्या पाठीमागून, आणि समुद्रात मावळतो तो पहाटे. हे मला माहीत नव्हतं असं नाही हो, लहानपण मालवणात गेलं, लग्न होऊन रत्नागिरीत आले, समुद्र घरापासून चालत दहा मिनिटांवर. पण लिहायला बसल्यावर डोळ्यासमोर आला तो सिनेमातला समुद्र, कारण आपला मी कधी टिपूनच ठेवला नव्हता. त्यानंतर मी सामान जमवायला लागले. सामान म्हणजे लिहायचा कच्चा माल, वाण्याकडून महिन्याचं भरतो ना तसंच. खाली जे सांगतेय ते सगळं करून, फसून, परत करून झालेलं आहे, नवीन लिहिणाऱ्यांनी यातलं पटेल तेवढं घ्यावं.

आधी वही

पर्समध्ये किंवा शर्टाच्या खिशात मावेल एवढी छोटी वही घ्या, दहा-वीस रुपयांची, भारीतली नको, भारी वहीत माणूस चांगलंच लिहायला जातो आणि मग काहीच लिहीत नाही. सोबत पेन्सिल. पेन नाही, पेन्सिल. जेल पेनचं लिहिलेलं पाणी लागलं की पसरतं, आणि शाईचं तर विचारूच नका, पेन्सिल पाण्यात भिजली तरी वाचता येते. वही झिपवाल्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायची.

मोबाईल चालत नाही का? चालतो, मीही वापरते, व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच मेसेज टाकता येतो, बोलून मराठी टाईप होतं, सगळं आहे. पण जेटीवर मोबाईल बाहेर काढला की लोकांना वाटतं ही व्हिडिओ काढतेय, बोलणं बदलतं, एखादी पदर सारखा करते, एखादा उगाच मोठ्याने बोलायला लागतो. वही काढली तर वाटतं हिशोब लिहितेय. हिशोब लिहिणाऱ्या बाईकडे कोण लक्ष देतंय.

प्रत्येक टिपणावर तीन गोष्टी हव्यातच: तारीख, जागा, वेळ. मी तिथीपण टाकते, कालनिर्णय भिंतीवर असतोच. सुरुवातीला हे शाळेसारखं वाटतं आणि कंटाळा येतो, मला आला, मी पहिली दीड वही तारखेशिवाय भरली आणि आज त्यातली निम्मी टिपणं मला कुठली कधीची काही कळत नाहीत. "ती पायरीवर बसून रडत होती." कोण? कुठल्या देवळाच्या पायरीवर? पाऊस होता का? गेलं ते सगळं.

काय टिपायचं

नवीन माणूस टिपतो ते असं: "आज हर्णै बंदरावर लिलाव बघितला. खूप गर्दी. मस्त अनुभव." यातून दोन वर्षांनी काय करणार तुम्ही? तोच दिवस माझ्या वहीत असा आहे: "हर्णै, संध्याकाळी ५. सुरमईच्या ढिगाजवळ एक बाई टोपली उलटी करून तिच्यावर बसलेली. लिलावाकडे लक्ष नाही, घेणाऱ्यांच्या चपला बघतेय. विचारलं तर म्हणाली, चपलेवरून कळतं रोख देणार का उधारीवाला." बस, एवढंच, पण ही बाई मला अजून दिसते आणि तिच्यावर मी कधीतरी लिहीन.

म्हणजे तुम्हाला काय वाटलं ते कमी लिहा, समोर काय होतं ते जास्त. माणूस बोलताना हातांनी काय करत होता. वास कसला, सुकटाचा, डिझेलचा का ओल्या गोणपाटाचा. आकडे असतील तर आकडे, पेटीचा भाव किती बोलला, किती वाजताची गाडी चुकली. आणि बोललेलं वाक्य जसंच्या तसं, हे सगळ्यात महत्त्वाचं. घरी जाऊन लिहू म्हटलं की आपलं डोकं ते वाक्य इस्त्री करून ठेवतं. माझ्या आईकडची शेजारीण एकदा म्हणाली, "वारो फिरलो, आता ह्यो घरात बसाचो नाय." मी घरी येऊन लिहिलं, "वारा बदलला की तो अस्वस्थ होतो." बघा आता काय राहिलं त्यात. नशिबाने आईला मूळ वाक्य आठवत होतं.

कुठे बसायचं

एसटी. याच्यासारखी जागा नाही. ड्रायव्हरच्या मागची सीट मिळाली तर कंडक्टर-ड्रायव्हरच्या गजाली ऐकायला मिळतात, मागे बसलात तर कॉलेजची पोरं, मधल्या सीटवर दवाखान्याला निघालेल्या बायका, आणि दवाखान्याला जाणारी बाई शेजारच्या अनोळखी बाईला जे सांगते ते घरात कुणाला सांगत नाही. गाडीत लिहिता येत नाही, अक्षर नाचतं, म्हणून दोन-तीन शब्द लिहून ठेवायचे आणि स्टँडवर उतरल्या उतरल्या चहा घेत पुरं करायचं. घरी पोचेपर्यंत थांबू नका.

सिंधुदुर्गात असाल तर दशावतार बघा, पण पुढे बसून नको, रंगपटाजवळ बसा, म्हणजे नट तयार होतात तिथे. कार्तिकापासून जत्रा सुरू झाल्या की आज या गावात उद्या त्या गावात नाटक असतंच. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, आख्यान कुठलं ते ठरतं, कुणी काय करायचं ते बोलून होतं आणि मग रात्रभर संवाद उभ्या उभ्या तयार होतात. नट आपलं तोंड आपणच रंगवतात. मी एकदा एका राजाला अर्धा चेहरा रंगवून झालेला असताना मोबाईलवर घरी ओरडताना ऐकलं, गाय व्यायला झाली होती आणि कुणी डॉक्टरला फोन केला नव्हता. पाच मिनिटांनी तोच राजा स्टेजवर अश्वमेधाच्या गोष्टी करत होता. संवाद लिहायला शिकायचं असेल तर एक रात्र तिथे काढा, कुठल्या वर्कशॉपची फी भरायची गरज नाही.

रत्नागिरीकडच्यांना नमनाचा खेळ आहे, जाखडीचा नाच आहे, शिमग्याची पालखी आहे. देवापुढे घालतात ते गाऱ्हाणं ऐका, नुसतं "व्हय महाराजा" ऐकून सोडून देऊ नका, मधे काय काय मागितलं जातं ते ऐका. कुणाची नोकरी, कुणाचं लग्न, वाकडं केलं असेल ते सरळ कर. गावाची अख्खी काळजी त्यात असते. देवाला विचारायला कौल लावत असतील तिथे मात्र वही खिशातच राहू दे, आणि विचारल्याशिवाय रेकॉर्डिंग तर अजिबात नाही.

आणि पेपर. पहिलं पान नको, आतली जाहीर नोटीस वाचा. "तमाम लोकांस कळविण्यात येते की" इथून सुरू होते आणि खाली चार भावांची नावं, एक बहीण बेपत्ता, विहिरीत पाव हिस्सा आणि आंब्याची सात झाडं. कादंबरी आहे ती. कापून चिकटवा, तारीख घाला.

म्हाताऱ्या माणसांना कसं विचारायचं

"जुन्या आठवणी सांगा ना आजी" म्हटलं की आजी म्हणते, काय सांगू बाय, गेले ते दिवस. संपलं. त्यापेक्षा वस्तूबद्दल विचारा. शाकारणीला, म्हणजे पावसाआधी छप्पर झाकायला, माडाची झापं कोण विणायचं? मुंबईची बोट बाहेर उभी राहायची तेव्हा पडावातून बोटीत चढताना लुगडं कसं सांभाळायचात? मनीऑर्डर आली की पोस्टमनला काय द्यायचं? एक युक्ती सांगते, मुद्दाम चुकीचं बोला. मी म्हटलं, तेव्हा आंब्याला काय भाव नसेल ना, की आजोबा उठून बसले, कोण म्हणतं नव्हता, आणि पुढे पाऊण तास.

साल मात्र कुणी सांगत नाही. लोकांचं कॅलेंडर वेगळं असतं, रामदास बुडाली त्या साली, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी पोटुशी होते, रेल्वे आली त्याच्या आधी. म्हणून वहीच्या मागच्या पानावर मी एक यादी करून ठेवलीये, तुम्ही पण करा, आपापल्या गावच्या गोष्टी त्यात घाला. रामदास बोट बुडाली १७ जुलै १९४७. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला १ मे १९८१, म्हणजे त्याआधीच्या कागदावर मालवण, वेंगुर्ला सगळं रत्नागिरी जिल्ह्यातच असणार, तिथे गोंधळू नका. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली २६ जानेवारी १९९८. फयान वादळ ११ नोव्हेंबर २००९. निसर्ग ३ जून २०२०, तौक्ते मे २०२१, चिपळूणचा महापूर २२ जुलै २०२१. आजी म्हणाली "रामदास बुडाली तेव्हा मी चौथीत होते" की तिचं वय, लग्नाचं साल, पहिलं मूल, सगळं ओळीने लागतं.

रेकॉर्ड करायचं तर विचारून करा, आणि फोन ठेवायच्या आधी वर बघा, पत्रा आहे का कौलं. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की एक शब्द ऐकू येत नाही. पंखा बंद करा. किनाऱ्यावर असाल तर वाऱ्याकडे पाठ करून बसा आणि माईकवर एक पातळ रुमाल धरा. सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, गाव आणि कोण बोलतंय ते बोला. तासाभराचं रेकॉर्डिंग पूर्ण टाईप करायच्या भानगडीत पडू नका, त्यात दिवस जातो आणि परत कधी रेकॉर्डिंगच करावंसं वाटत नाही. ऐकताना फक्त लिहा: १२ व्या मिनिटाला बोटीचं, ३१ ला सासूचं. पुढे लागेल तेव्हा तेवढंच ऐका.

शब्दांची वेगळी वही

ही हवीच. गडगा, पाखाडी, साकव, पागोळ्या, मांगर, घळ, आगोट. एकेका शब्दापुढे कुणी म्हटला आणि कुठे ते लिहायचं. सुकती हा शब्द माझ्याकडे त्या मासेवाल्या मावशीच्या नावावर जमा आहे. कुठे ऐकला ते का लिहायचं, तर बोली दर खाडीला बदलते. मालवणच्या माणसाच्या तोंडी "खंय चललंस" शोभतं, तेच तुम्ही संगमेश्वरच्या शेतकऱ्याच्या तोंडी घातलंत तर दोन्हीकडचे लोक हसतील. कोकणी माणूस म्हणजे सरसकट मालवणी बोलणारा, हे सिरियलवाल्यांचं खूळ आहे, आपण त्यात पडू नये.

जुन्या काळावर लिहिणाऱ्यांसाठी, मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी आणि सावंतवाडीचा खंड १८८० चा आहे, इंग्रजीत आहे, नेटवर मिळतो, बंदरं, पिकं, धंदे, बाजार सगळं त्यात आहे. साहेबाच्या नजरेने लिहिलेलं आहे हे लक्षात ठेवून वाचा. आणि आपल्या रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासूनचं आहे, तिथे जाऊन नुसतं बसलं तरी काहीतरी हाताला लागतं.

खरं-खोटं तपासायचं पान

भरतीचं गणित इथे सांगते, माझी लाज गेली ती यावरूनच. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, साधारण तेवढ्या वाजता भरती. पुनव म्हणजे १५, तीनने गुणून ४५, चारने भागून सव्वाअकरा. म्हणजे दुपारी आणि रात्री सव्वाअकरा-बाराच्या सुमाराला पाणी भरलेलं आणि तिन्हीसांजेला पाणी पार आत गेलेलं. वद्य पक्षात प्रतिपदेपासून परत एकपासून मोजायचं. रोज पाऊण तासाने, थोडी जास्तच, भरती पुढे जाते. माझ्या नायिकेला संध्याकाळची भरती हवी होती तर मी तिला अष्टमीला न्यायला हवं होतं, आठ त्रिक चोवीस भागिले चार, सहा वाजता. पण अष्टमीला भांगाचं पाणी, म्हणजे कमी चढणारी भरती, त्याला पुनव-अवसेच्या उधाणासारखा जोर नसतो, आणि चंद्रही अर्धाच. थोडक्यात, मला हवा होता तो सीन आपल्या किनाऱ्यावर होतच नाही, आणि हे कळल्यावर जो सीन सुचला तो पहिल्यापेक्षा बरा होता: ती येते आणि पाणी लांब गेलेलं असतं.

असंच १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्यामुळे जुलैत तुमचा नायक ट्रॉलरवर जाऊ शकत नाही. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं टाइमटेबल वेगळं असतं, गाड्या हळू चालतात. सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे, तो मतलई, दुपारनंतर समुद्राकडून, तो खारा. असलं काही कळलं की या पानावर टाकायचं.

टिकवायचं कसं

माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे, त्यामुळे यावर मी तासभर बोलू शकते. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावात कागद ठेवणं म्हणजे लोणचं घालण्यासारखं आहे, ओला हात लागला की गेलं.

वह्या भिंतीला टेकवून ठेवू नका आणि सगळ्यात खालच्या फळीवर तर नकोच, वाळवी तिथूनच येते. पत्र्याची पेटी चांगली, आत डांबरगोळ्या आणि चपलांच्या खोक्यात मिळतात त्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून. स्टेपलर मारू नका, खाऱ्या हवेत पिन एका पावसात गंजते आणि कागदावर तांबडा डाग पडतो, त्यापेक्षा सुती दोऱ्याने बांधा. सेलोटेप नको, पिवळी पडून कागद घेऊन सुटते. लोक आजोबांची पत्रं लॅमिनेट करायला घेऊन येतात, मी धंदा सोडून त्यांना परत पाठवते, एकदा लॅमिनेट केलेला कागद परत मोकळा होत नाही. स्कॅन करा, ३०० डीपीआयला, आणि मूळ पत्र कागदी पाकिटात ठेवा.

एसटीचं मशीनवालं तिकीट, दुकानाचं बिल, हे आठवण म्हणून वहीत चिकटवता ना? हळूहळू अक्षरं उडून कोरं होईल. थर्मल कागद आहे तो. त्याच दिवशी झेरॉक्स काढून ती चिकटवा.

कॉम्प्युटरवर टाईप करत असाल तर युनिकोडमध्येच. माझ्याकडे लोक श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टात टाईप केलेल्या वीस वर्षांपूर्वीच्या कविता घेऊन येतात आणि उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, कन्व्हर्ट करता येतं पण जोडाक्षरांची वाट लागते. फाईलच्या नावात आधी साल, मग महिना, मग दिवस, मग विषय, "२०२४-०२-१७ हर्णै लिलाव" असं, म्हणजे आपोआप ओळीत लागतात. एक कॉपी फोनवर, एक पेन ड्राइव्हवर, एक गुगल ड्राइव्हवर, तिथे १५ जीबी फुकट आहे, नुसत्या मजकुराला जन्मभर पुरेल. पेन ड्राइव्ह आणि लॅपटॉप एकाच बॅगेत ठेवू नका. मी ठेवले होते, जुलै महिना होता, बॅगेची चेन अर्धी उघडी होती, पुढचं सांगत नाही.

फोल्डरमध्ये फोल्डर आणि रंगीत लेबलं लावत बसू नका एवढंच. मी एक अख्खा मे महिना त्यात घालवला आणि एक ओळ लिहिली नाही. वहीच्या शेवटच्या पानावर पान नंबर आणि दोन शब्द, "१४ चपला, १९ राजा-गाय", एवढी अनुक्रमणिका बास होते. एखादं टिपण कथेत वापरलं की त्याच्यावर तिरकी रेघ मारा, नाहीतर तीच बाई तुमच्या तीन कथांत टोपली उलटी करून बसेल.

गावात राहायचंय हे विसरू नका

आमच्या नात्यात एका गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, भांडण होतं, दीड फुटाचं. मी त्याच्यावर गोष्ट लिहिली, नावं बदलली, मला वाटलं झालं. गणपतीत गावी गेले तर आरतीला सगळे होते आणि माझ्याशी कुणी बोलेना, मोदक वाढले तेही न बघता. नाव बदलून काही होत नाही, वाडीत पन्नास घरं, कोण कुणाचं ते शेंबड्या पोराला कळतं. बदलायचं तर धंदा बदला, मुलांची संख्या बदला, घर खाडीच्या पलीकडे न्या, गडग्याच्या जागी विहीर करा. भांडणातला राग तेवढा ठेवा, तोच तर आपल्याला हवा होता. आणि दुकानात झेरॉक्सला आलेला कागद मी वाचत नाही, डोळ्यांना दिसला तरी वहीत घेत नाही. विश्वासाने दिलेलं आणि रस्त्यात ऐकलेलं यात फरक आहे, तुमच्याही नोकरीत असं काहीतरी असेलच.

परत काढून बघायचं

ऑक्टोबरचं ऊन पडलं की घरोघरी गोधड्या बाहेर येतात, तेव्हा मी पेटीतल्या वह्या काढते. कडक उन्हात नाही, कागद तडकतो, पडवीत सावलीला, पानं उघडून पंख्यासारखी. उलटताना वाचलं जातंच. गेल्या वर्षी दोन वह्या शेजारी शेजारी उघड्या होत्या. एकीत मार्च २०१५, लांज्याची गाडी: एक माणूस वर्तमानपत्रात गुंडाळलेली दाराची लोखंडी कडी मांडीवर घेऊन बसलेला, घर विकलं म्हणाला, घेणाऱ्याला म्हटलं एवढी कडी मी नेतो. दुसरीत २०२२, पूर्णगडकडची एक वाडी: वर्षभर बंद असलेलं घर, कुलूप आहे पण कडी नाही, कुलूप तारेत अडकवलेलं.

ही दोन घरं वेगळीच असणार, अंतरच तेवढं आहे. पण आता ती कडी त्याच दाराची आहे असं धरून मी लिहायला घेतलंय, आठ पानं झालीत. त्याने घर का विकलं आणि कडीच का नेली ते अजून मिळालेलं नाही, म्हणून शिमग्याच्या आधी एकदा परत लांज्याच्या गाडीत बसून येणार आहे.